आयोडीनमधली हालचाल

३ मार्च
काल लिहिलेलं दुरुस्त करते. खोलीला दोन खिडक्या नाहीत. खिडकी एकच, दुसरी वाटली तो आरसा आहे. आनंदाच्या भरात नीट पाहिलंच नाही. मुलींच्या वसतिगृहात राहायला खोली आणि समोरच नव्या नोकरीची लॅब! मायक्रोस्कोप तर आत्याच्या लॅबमधल्यापेक्षा कितीतरी चांगला. शौचाचे नमुने तपासायला मी आत्याकडेच शिकले. तिची पद्धत ठरलेली: आधी सलाइनचा थेंब, मग आयोडीन. सलाइनमध्ये परजीवी जिवंत, हलताना दिसतात. आयोडीनमध्ये मरतात, पण रंग चढल्यामुळे आतली केंद्रकं ओळखता येतात.

५ मार्च
वसतिगृहातल्या मुलींचे नमुने आले. लॅबचे मालक, आमचे सर, म्हणाले की सलाइन नको, थेट आयोडीन घाल. काही हललं नाही तर ‘परजीवी नाहीत’ असं लिही. मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. मेलेलं हलेल कसं? पुन्हा विचारलं तर हसले. वसतिगृह त्यांच्या साडूंचं आहे, हे तिथला स्वयंपाक बघणाऱ्या मावशींकडून कळलं. मावशींच्या मते पोरी नाटकी आहेत. परीक्षा आली की यांचं पोट दुखलंच म्हणून समजा.

७ मार्च
सर जेवायला गेल्यावर आजच्या ताज्या नमुन्यांत सलाइन घातलं. जिआर्डिया, दूषित पाण्यातून आतड्यात जाणारा परजीवी. प्रत्येक नमुन्यात. गळत्या पानासारखा गिरक्या घेणारा. मग आयोडीन घातलं, तर दोन केंद्रकं म्हणजे थेट दोन डोळे. नुसतं सलाइन आधी तपासलं होतं, ते स्वच्छ होतं. म्हणजे परजीवी नमुन्यांतलेच, आणि सगळ्या मुली पितात ते वसतिगृहाच्या टाकीचं पाणी. हे तिथूनच. सरांना सांगितलं. ते म्हणाले, आत्याबाईंची शाळा घरी ठेवून येत जा. तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या म्हणायची, परजीवी मेलेला असला तरी होता ना, मग लिही. सगळ्यांत धाकटी मुलगी आज जिन्यातच बसली. उचलून वर आणलं. अंगात वजनच नाही.

११ मार्च
आयोडीनमध्ये हलतायत. तांबूस झालेत, मेलेत — तरीही. गिरक्या नाहीत. थांबतात आणि वर बघतात.

१३ मार्च
कोरी काच. थेंबसुद्धा नाही. तरी आहेत. सरांना म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांनी डोळा लावला.

“स्वच्छ आहे गं. काही नाही.”

त्यांनी मान वर केली. त्यांच्या बुबुळात — दोन ठिपके — गिरकी घेत —

१५ मार्च
धाकटी उठत नाही. मावशी आता नाटकी म्हणत नाहीत. मीही तेच पाणी प्यायले. भीती आहे, पण राग त्याहून मोठा. उद्या मुली उठायच्या आत टाकी रिकामी करणार, रविवार सरून ऑफिस उघडलं की ताजे नमुने घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाणार. सर दारात उभे — पापणी हलत नाही — हलू दे नाहीतर न हलू दे, मी जाणारच — सोमवारी, सतरा मा