सम रिकामी सोडणारे लोक

बाबा, यंदा एक जुलैला रॉटरडॅममधल्या एका बागेत, भर दुपारी, मी लोकांसमोर तबला वाजवला. तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली, आणि मी तबला सोडल्याला त्याहून कितीतरी जास्त. म्हणून हे आधी सांगून टाकते.

सोडला कसा, ते तुम्हाला ठाऊक आहे. सोलापूरचं आपलं स्वयंपाकघर, आई भाकऱ्या थापतेय, ओट्यावर टेपरेकॉर्डर आणि त्यात मैत्रिणीने दिलेली रेगेची, म्हणजे जमैकाच्या गाण्यांची, कॅसेट. तुम्ही ऑफिसातून येता, चपला काढता काढता थबकता, मांडीवर बोटांनी मात्रा मोजता आणि खटकन बटण दाबता. "याला सम नाही. पहिली मात्राच खाल्लीय. अडाण्यांचं वाजवणं." मी म्हटलं, "मग तुमचं शहाण्यांचं मला नको." दुसऱ्या दिवसापासून मी रियाजाला बसले नाही, तुम्ही बोलावलं नाही. लग्नानंतर मात्र माझ्या सामानात तबल्याची जोडी गुपचूप बांधून दिलीत. ती इथवर आली आणि कपाटावर चढून बसली.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. जमैकात जन्मले, जहाजावर स्वयंपाकी होते, मग इथल्या बंदरात क्रेन चालवली. आता दर रविवारी दुपारी वस्तीतल्या हॉलमध्ये रेगेचा बँड घेऊन बसतात, स्वतः बास गिटार वाजवतात. माझं पार्सल द्यायला आले, कपाटावर बघितलं आणि म्हणाले, "ते ड्रम आहेत ना? रविवारी घेऊन ये."

पहिल्याच गाण्यात मी सवयीने समेवर दणकून 'धा' दिला. सगळे थांबले आणि खो खो हसले. "पोरी, ती जागा मोकळी ठेवायची," आजोबा म्हणाले. "आमचा ड्रम तिसऱ्या मात्रेवर पडतो." मग चहा पिता पिता सांगत बसले. उसाच्या मळ्यांवर त्यांच्या गुलाम पूर्वजांचे ढोल मालकांनी काढून घेतले होते, कारण ढोलावरून बंडाचे निरोप जायचे. लोकांनी हातापायांवर ताल जपला. पुढे जमैका स्वतंत्र झाला, तेव्हाचं संगीत आनंदाने उड्या मारणारं, जलद. मग ते संथ झालं, बास पुढे आला, आणि शब्दांत आफ्रिका आली, भूक आली, पोलिसांचा मार आला. लंडनच्या, इथल्या काळ्या पोरांनी स्वतःची गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती या गाण्यांत. माझी लेक शेजारी बसून ऐकत होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर डचमध्ये. ती म्हणाली, "आई, शाळेत आम्हाला साखरेबद्दल शिकवलं. माणसांबद्दल अगदी थोडं."

मला हसू आलं आणि तुमचा रागही आला. मात्रा तुम्ही अचूक मोजल्या होत्या, बाबा. माणसं ओळखण्यात चुकलात. मीही तेव्हा नुसतीच उलट बोलले, मला तरी काय माहीत होतं!

इथे एक जुलै म्हणजे सुरीनामसारख्या डच वसाहतींतली गुलामगिरी संपल्याचा दिवस. बागेत सुरीनामी बायका कडक इस्त्रीचे रंगीत रुमाल डोक्याला बांधून आलेल्या, तळलेल्या केळ्यांचा वास, पोरांचा गलका. तिसऱ्या गाण्यात आजोबांनी बाकी सगळ्यांना थांबवलं आणि मान माझ्याकडे वळवली. आठ आवर्तनं मी एकटी. दर वेळी पहिली मात्रा आली की हात उचलून धरला, आणि त्या मोकळ्या जागेत सगळी बाग टाळी देऊ लागली. आजोबा ओरडले, "आता कसं!" नंतर लेकीने मला ओढत गवतावर नेलं आणि आम्ही दोघी नाचलो. मी, बाबा, पन्नाशीची, अनवाणी. एका म्हातारीने माझी कंबर धरून नीट कसं हलायचं ते शिकवलं.

हे पत्र वहीतच राहणार. पण एक कबूल करते. त्या सगळ्या दुपारी मला तुमची आठवण एकदाही आली नाही. घरी येऊन पायांची माती धुताना आली.