उणे शक्यता

११ जानेवारी १९७३, केडगाव
शक्यता उणे आली! शून्य नाही — उणे! पीएच.डी.च्या सरांनी मुंबईच्या कॉम्प्युटरवरून आणलेले कागद आज पुण्यात माझ्या हातात दिले. "कार्डांवर आकडे पंच करताना चुकलात. तपासा." नगर येईपर्यंत एसटीत तोच आकडा बघत बसले.

ऊबदार भोवतालात ठेवलेला एकटा अणू. तो वरच्या ऊर्जापातळीवर सापडायची शक्यता किती, एवढंच काढायचं होतं. शंभरात दहादा सापडेल — कळतं. एकदाही नाही — तेही कळतं. उणे दोनदा सापडेल म्हणजे काय?

१४ जानेवारी
संक्रांत. सगळी कार्डं पुन्हा तपासली. चूक नाही.

१९ जानेवारी
आई काष्टीहून आली. दारातच म्हणाली, "लंके, त्वांड का उतरलंय गं?" सांगितलं — पीएच.डी.चं गणित चुकतंय, कुठे ते कळत नाही. "मंग मास्तरला इचार की!" अगं, समीकरणच मास्तरांचं आहे! "मंग तर लई सोपं हाय. त्यांनाच इचार."

सोपं! त्या समीकरणावर सरांचं नाव झालंय. त्यावर मी बोट ठेवायचं, आणि चूक माझीच निघाली तर? त्यांनी हात झटकले तर या विषयाला दुसरा मार्गदर्शक कुठून आणू? कॉलेजात शिकवत बसायचं, संपलं.

२ फेब्रुवारी
कॉम्प्युटर बाजूला ठेवला. दोनच पातळ्यांचा साधा अणू घेऊन हाताने सोडवलं. सुरुवातीच्या क्षणांतच — उणे! म्हणजे दोष कार्डांचा नाही. सरांनी धरलंय की अणूशी काय घडलं ते भोवताल लगेच विसरतो. पण अगदी पहिल्या क्षणी तो विसरलेलाच नसेल तर? की मीच काहीतरी विसरतेय?

५ फेब्रुवारी
वर्गात फळ्यावर अधिकच्या जागी उणे लिहिलं. पोरं हसली.

९ फेब्रुवारी, पुणे
सरांपुढे कागद ठेवला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मलाही उणेच आलं होतं. समीकरण मांडलं त्या पहिल्याच वर्षी. तेवढे बिंदू मी आलेखातून गाळले." चष्मा पुसला. "प्रबंधात लिहा. माझ्या नावासकट."