विहिरीत सोडलेला पाइप

१२ एप्रिल २०११
विहिरीनं तळ दाखवला. समोरच्या कंपनीच्या मोठ्या दुकानाची बोअर मात्र दिवसरात्र चालू. आज टँकरवर राहीबाईनं कुसुमबाईचं डोकं घागरीनं फोडलं. एका ताटात जेवणाऱ्या बाया!

१५ एप्रिल
दुकानाचा मॅनेजर चिंतामणी. याच गल्लीत वाढला, अर्धा माझ्या मांडीवर. त्याला म्हटलं, "बापू, पावसाळ्यात तुमच्या छतावरचं पाणी नालीत काऊन सोडता? आमच्या विहिरीत सोडा. अन् फरशा धुतलेलं पाणी संडासाले वापरा, बोअर निम्मी बंद राहीन."
हसला. "काका, तुमीच मॅनेजर व्हा. विचारतो कंपनीले."

४ मे
कंपनीनं मानलं. बोअर आता फक्त सकाळी. छतापासून विहिरीपर्यंत जाड पाइप टाकला, विहिरीच्या काठाशी गाळायची टाकी. चिंतामणी भर उन्हात उभा होता, जसं काही स्वतःचं घरच बांधतो.
माझा दौलत म्हणे, "बाबा, दुकानवाले फुकट देतात काय? येडं बनवून राह्यले तुमाले."

९ मे
विहीर अजून कोरडीच.

१४ मे
कोणीतरी अफवा उठवली — पाइप लावून दुकानवाले विहिरीचा उरलासुरला झरा ओढतात. माणसं पहारी, कुऱ्हाडी घेऊन आली. मी मधे आडवा आलो. "अरे, हा पाइप पाणी आणायचा आहे, न्यायचा नाही."
"मंग दाखवा थेंब."
आभाळात ढग नाही. काय दाखवू?
मला ढकलून पाइपाचे तुकडे केले. चिंतामणी टाकीला मिठी मारून बसला. "पाऊस येऊ द्या रे, मंग फोडा," म्हणत होता. पहार आधी त्याच्या हातावर बसली. ज्वारीचा धांडा मोडावा तसा आवाज आला. मग डोक्यावर. रक्त काठावरून विहिरीत उतरलं.
पहार दौलतच्या हातात होती.

१५ मे
चिंतामणी शुद्धीवर नाही. कंपनीनं पाइपाचं काम कायमचं बंद केलं, बोअर पुन्हा दिवसभर. पोलिसांपुढं गल्ली आंधळी — कोणी काही पाहिलंच नाही. दौलत आतल्या खोलीत, जेवत नाही. ही दारात आडवी बसली. "एकच लेक आहे आपल्याले," म्हणे.
दवाखान्यात चिंतामणीची बायको पद्मजानं माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

१६ मे
पहाटे चिंतामणी गेला. ठाण्यात जाऊन दौलतचं नाव सांगून आलो.