अर्धशतक होईपर्यंत मिरची बंद

नंदुरबार

आदरणीय जिजाजी,

सादर जय जिनेंद्र. इकडे सर्व कुशल. तुमचे गुडघे कसे आहेत ते जिजीने कळवावे, कारण तुम्ही खरे सांगत नाही.

तुमचे पत्र मिळाले. ‘लेकीच्या लग्नासाठी बापाने मिरची सोडली, धन्य तो मिश्रीलाल’ असे तुम्ही त्यात दोनदा लिहिले आहे, आणि दोन्ही वेळा मला घाम फुटला. जिजाजी, मिरची मी रूपलसाठी सोडलेली नाही. ती भारतीय संघाच्या सलामीवीरासाठी सोडली आहे (नाव लिहीत नाही, ते निघाले की आमची सौ. छोटीबाई भांडी आपटते).

झाले असे, की चातुर्मासात उपाश्रयात जो तो काही ना काही सोडत होता. माझी पाळी आली. आपला गडी तेव्हा एक-दोन डावांत लवकर बाद झाला होता, पण पुढच्या सामन्यात पन्नास मारणारच अशी माझी खात्री होती. मी उभा राहून म्हणालो, मनातले एक काम होईपर्यंत लाल मिरची बंद. घरात लग्नाची मुलगी, तेव्हा काम कोणते ते लोकांनीच ठरवून टाकले आणि अशा काही माना डोलावल्या की मला खुलासा करवेना. त्यानंतर गड्याचा फॉर्म जो गेला तो गेलाच. पूर्वी बाहेरचा चेंडू छेडून बाद व्हायचा, आता आतला सोडून देऊन त्रिफळाचीत होतो. कांदा-लसूण आपण आधीच खात नाही. मिरचीही गेल्यावर भाजीत उरते काय हो? रोज दुधी.

धंद्याचे तर विचारू नका. गिऱ्हाइकासमोर मिरची मोडून जिभेवर ठेवायची माझी सवय. आता ठेवत नाही म्हटल्यावर इंदूरचा एक व्यापारी पोत्यांकडे संशयाने बघत निघून गेला. मिरच्या वाळत घालतो त्या पथारीवर देठ खुडणारी दगूबाई तोंडावर विचारते, “शेठ, तो रन करत नही, तेमा तुम्हनी जीभना काय गुन्हा शे?” परवा तो सेहेचाळीसवर होता. छोटीबाईने लाल चटणी समोर ठेवली, मी बोट बुडवले (फक्त बुडवले), आणि हा धावचीत! उठून हात धुतले.

आमचा चिरंजीव रिषभ म्हणतो, याला काढलाच पाहिजे, देशाचा प्रश्न आहे. मलाही पटते. पण जेवायला बसलो की वाटते, बिचाऱ्याला आणखी एक संधी द्यायला काय हरकत आहे? मी नक्की कोणाच्या बाजूचा, तेच मला कळेनासे झाले आहे.

खरी अडचण पुढेच आहे. येत्या रविवारी रूपलचा साखरपुडा. लग्न जमले, म्हणजे लोकांच्या लेखी माझा नियम सुटला. पंगतीत मी तिखट भाजी बाजूला सारली, की शहाद्याचे आपले व्याही नवनीतजी समजणार, याच्या मनातले काम अजून व्हायचे आहे, म्हणजे याला स्थळ पसंत नाही. पोरीचा जीव त्या मुलात आहे, जिजाजी. मला खरोखर भीती वाटते. आणि क्रिकेटचे सांगावे, तर उपाश्रयात तोंड कसे दाखवू?

जिजीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मिश्रीलाल

ता. क. मुख्य काम राहिलेच. पंगतीत माझ्या शेजारी बसा आणि माझी तिखट भाजी गुपचूप तुमच्या ताटात ओढून घ्या.

ता. क. २: आत्ताच नवनीतजींचा फोन येऊन गेला. फार अवघडून बोलत होते. म्हणाले, साखरपुड्यात मी गोड खाणार नाही, राग मानू नका. खोदून विचारले तेव्हा कळले, की त्यांनीही चातुर्मासात साखर सोडली आहे, याच सलामीवीराला संघातून काढेपर्यंत! मग मीही माझे सांगून टाकले. पोटभर हसलो दोघे. रूपलच्या जिवात जीव आला. फक्त देवापाशी आता काय मागायचे, ते दोन्ही घरांत कोणालाच सुचत नाही. तुम्ही आम्हा दोघांच्या मधोमध बसा.

ता. क. ३: संघ जाहीर झाला. पठ्ठ्या पंधरा जणांत आहे, पण अकरा जणांत नाही. पाणी घेऊन मैदानात जाणार आहे. म्हणजे त्याला काढला की ठेवला, यावर व्याह्यांशी दोनदा फोन झाला, उलगडा झालेला नाही. रविवारी सकाळपासून काही खाऊ नका.