आईचा व्हिडिओ गेम

एश्बॉर्न, गुरुवार संध्याकाळ

ऑफिसमधून आले तर घर रिकामं आणि आईचा फोन चार्जरला. पुण्याहून येऊन तिला आठवडाच झालाय, जर्मनचा एक शब्द येत नाही! स्टेशनकडे धावत सुटले, तर बाईसाहेब एस-बान लोकलमधून उतरतायत, हातात कोथिंबीर.

“फ्रँकफुर्टला जाऊन आले,” म्हणाली. “आधी उलट्या गाडीत बसले. मग उतरले, परत आले, दुसरी पकडली. तुझ्या त्या व्हिडिओ गेममध्ये मेलं की आपण काय करायचो? पुन्हा पहिल्यापासून.”

करायचो? आपण? मी दहावीत असताना तिनेच तो गेम हिसकावून कपाटात ठेवला होता.

“तू क्लासला गेलीस की दुपारी मी खेळायचे,” आई शांतपणे म्हणाली. “आधी नुसती खड्ड्यात पडायचे. मग कळलं, उडी मारायच्या आधी जरा थांबायचं.”

आणि फोन घरी ठेवून! मला तर फोनशिवाय बेकरीही सापडत नाही. वर ऑफिसात सांगत फिरते, चिकाटी मी गेममधून शिकले म्हणून. शेवटची लेव्हल मी कधी पाहिलीसुद्धा नाही.

“शेवटी काय होतं गं?” मी विचारलं.

“काही नाही. तेच सगळं पुन्हा सुरू होतं, फक्त जास्त वेगात,” आई म्हणाली. “मला आवडायचं.”