सूनबाई कुठल्या खोक्यात

आदरणीय व्याहीसाहेब,

आपणांस आणि विहीणबाईंना साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढा). आपली साखर आटोक्यात असेल आणि विहीणबाईंचा खांदा आता वर उचलला जात असेल, अशी आशा करतो. माझी तब्येत बरी आहे. म्हणजे बरी नाही, पण हल्ली इथे कोणी विचारत नाही, म्हणून बरीच म्हणायची. फोन करून बोललो असतो. केलाही होता. आपण तो उचलत नाही आणि पुढेही उचलणार नाही, हे एव्हाना माझ्यासारख्या मठ्ठ माणसाच्याही ध्यानात आलं आहे, म्हणून कागद-पेन घेऊन बसलो.

आपली कन्या, म्हणजे आमची सूनबाई, नातीला घेऊन 'चार दिवस जाऊन येते' म्हणून आपल्याकडे आली, त्याला महिना होत आला. तिनं आपल्याला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. सासऱ्यानं कॉम्प्युटर आवरला म्हणून सून माहेरी आली, असं ऐकल्यावर आपण मनात म्हणाला असाल की छे, पोरगी काहीतरी झाकतेय, म्हाताऱ्यानं दुसरं काही केलं असणार. तसं काहीही नाही. मी खरोखर फक्त कॉम्प्युटर आवरला.

आणि तो आवरायला मला तिनंच शिकवलं, हे तिनं सांगितलं का? चिरंजीवांना मी दोनदा विचारून पाहिलं होतं. एकदा ते 'नंतर' म्हणाले आणि एकदा माझ्या हातातला माऊस काढून घेऊन स्वतःच करून मोकळे झाले. सूनबाईनं मात्र शेजारी खुर्ची ओढली आणि सांगितलं, "बाबा, फोल्डर म्हणजे खोकं. खोक्यात कागद ठेवायचे, हवं तर खोक्यात आणखी एक खोकं ठेवायचं, आणि वर नाव असं घालायचं की आपल्यालाच नव्हे, दुसऱ्यालाही कळलं पाहिजे." माझा जन्म मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात गेला. खोकं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी दर रविवारी पहिल्या इयत्तेतल्या पोरासारखा शिकत बसलो, कारण इतक्या सबुरीनं या घरात माझ्याशी कित्येक वर्षांत कोणी बोललेलं नव्हतं.

पुढे मंडळी चिरंजीवांच्या ऑफिसच्या सहलीला गेली आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला. पडद्यावर नुसता बाजार भरलेला. विजेची बिलं, नातीचे फोटो, 'नवीन फोल्डर' नावाचे पाच-सहा फोल्डर (यांतले निम्मे रिकामे, ते कोणी आणि का केले ते देव जाणे), आणि या सगळ्यात मिसळलेले सूनबाईचे नकाशे. ती लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढते हे मी आपल्याला सांगायला नको. आता गोदामाचा नियम साधा असतो. वॉशर नटापाशी, नट बोल्टापाशी, आणि बोल्ट ज्या यंत्राचा, त्या यंत्राच्या खोक्यात. सुटं काही राहता कामा नये. त्या नियमानं मी पहिला फोल्डर केला 'घर'. त्यात 'मी'. 'मी'मध्ये 'सौ.' आणि 'चिरंजीव'. 'चिरंजीव'मध्ये 'सूनबाई' आणि 'सूनबाई'मध्ये 'नात'. ज्यांची सोय कुठेच लागेना ते 'इतर'मध्ये टाकलं: वॉशिंग मशीनची वॉरंटी, झुरळांच्या औषधवाल्याची पावती, आणि (आता लपवून काय उपयोग) आपल्याकडचे सगळे फोटो. हे विहीणबाईंना कृपा करून सांगू नये.

मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. सहलीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी सूनबाईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, नकाशा आत्ताच्या आत्ता पाठवा. तिला तो दिसेना. मी मागे उभा राहून मोठ्या उत्साहानं वाट दाखवत होतो: 'घर'मध्ये शिर, आता 'मी', आता 'चिरंजीव', अजून थोडं आत. गिऱ्हाईक तिकडे सगळं ऐकत होतं. नकाशा सापडला, गेला, फोन बंद झाला. मग ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझं काम मला ह्यांच्या पोटात का शोधावं लागतं?" मी म्हणालो, नियम आहे. दुसरं काय म्हणणार?

तिथेही मिटलं असतं. पण चिरंजीव हसले. सापडलं ना शेवटी, मग झालं तर, असं म्हणाले आणि पुन्हा हसले. आगीत तेल ओतायला अक्कल लागत नाही. त्यावर सूनबाई जे बोलायला लागली ते कॉम्प्युटरवरून सुरू झालं आणि दारावरच्या पाटीवर गेलं (तिच्यावर आम्हा दोघा पुरुषांचीच नावं आहेत, हे मी रोज बघूनही पाहिलं नव्हतं), तिथून नातीच्या शाळेतून फोन फक्त बापालाच येतो यावर गेलं, आणि परत कॉम्प्युटरवर आलं. तो तिनं स्वतःच्या कमाईतून आणला होता. मी आजवर तो चिरंजीवांचा समजत होतो. चिरंजीवांनी तो समज कधी दूर केला नाही.

व्याहीसाहेब, आपण जन्मभर औषधांचं दुकान चालवलंत. गोळी पाकिटात, पाकीट डब्यात, डबा कपाटात. कुठल्या गोळीनं कधी माहेर गाठलं? मला राग येतो तो याचा. मी कोणाला लहान करायला गेलो नव्हतो, मी फक्त जागच्या जागी ठेवलं. आता चिरंजीव म्हणतात, तुमच्यामुळे गेली, तुम्हीच आणा. मी म्हणतो, हसलास तू. यापलीकडे बाप-लेकात बोलणं नाही. ते बाहेर जेवून येतात, मी आतल्या खोलीत बसतो, आणि सौ. दोघांसाठी दोन ताटं झाकून ठेवते. नातीचं दप्तर जिथे टांगलेलं असायचं तो खिळा दिवसभर डोळ्यांसमोर असतो, त्याचा मला त्रास होतो.

तरी आपण वडीलकीच्या नात्यानं कन्येला चार शब्द सांगून, समजूत घालून, पाठवून द्यावं. मी माफी मागणार नाही. नियमाबद्दल कोणी माफी मागत नाही.

कळावे, लोभ उरला असेल तर तो असू द्यावा,

आपला,
व्याही

ता. क. वरचं माफीबद्दलचं वाक्य खोडायचं राहून गेलं, ते वाचू नये. 'सूनबाई' हा फोल्डर 'चिरंजीव'मधून बाहेर काढून 'मी'च्या शेजारी ठेवावा, असं मी ठरवलं आहे. रोज बसतो. माऊसनं धरून ओढतो, पण तो वाटेतच सुटतो आणि दर वेळी 'इतर'मध्ये जाऊन पडतो. हे कसं करायचं ते तिला विचारून कळवावं. चिरंजीवांना मी विचारणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी सौ.नं हे पत्र वाचलं. म्हणाली, माझ्या खोक्यात काय आहे ते दाखवा. उघडून दाखवलं. रक्ततपासणीचे दोन रिपोर्ट आणि ओळखपत्रासाठी काढलेला एक फोटो. "एवढंच?" म्हणाली. मी म्हणालो, बाकीचं सगळं माझ्यात आहे. त्यावर ती उठून आत गेली. उद्या सकाळच्या गाडीनं ती आपल्याकडे येत आहे, हे पत्रही तीच आणेल. सुनेला आणायला जाते, असं म्हणते. पण बॅग मोठी काढली आहे, आणि त्यात थंडीतली शाल घडी करून ठेवताना मी पाहिलं. सध्या भर उन्हाळा आहे. विचारायचं मला धाडस झालं नाही. आपण विचारून मला कळवावं.