मावशीचं वय

१४ जून, शनिवार

आणली! मांडीवर खोका, खोक्यात जुना टॉवेल, टॉवेलात ती. कायापोईहून ख्राइस्टचर्चपर्यंत श्यामने गाडी इतकी हळू चालवली की मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. या देशात हॉर्न म्हणजे शिवीच!

साप नाही. न्यूझीलंडमध्ये साप नाहीतच, आणि पाळायला कडक बंदी. कॉलेजात असताना दर रविवारी सर्पोद्यानात राबणारी मी, आणि येऊन राहिले कुठे, तर इथे! सतरा वर्षं झाली. म्हणून मग ही - ऑस्ट्रेलियन सापसुरळी. जाडजूड, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पाय इतके तोकडे की उगाच लावल्यासारखे. जीभ मात्र निळी. शाईत बुडवल्यासारखी निळी! आपल्याकडे सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात. नाव शोधावंच लागलं नाही.

हेदर तिच्या गॅरेजमध्ये लोकांनी टाकलेले सरडे, कासवं सांभाळते. तिला ही एका भाड्याच्या घरात मिळाली. भाडेकरू निघून गेले, कपडे धुवायच्या खोलीत प्लॅस्टिकच्या डब्यात ही मागे राहिली. नाव नाही, वय नाही, काय खात होती ते नाही. रंग राखाडी, कातडी सुरकुतलेली, पुढच्या पायाची दोन बोटं गेलेली. "म्हातारी दिसते. वर्ष, फार तर दोन," हेदर म्हणाली.

बाहेर येऊन श्याम म्हणाला, "मग बसतंय की आपल्या वेळापत्रकात."

वेळापत्रक असं: फेब्रुवारीत आमची लेक जुई डनीडिनला युनिव्हर्सिटीत जाणार. तिचं एक वर्ष मार्गी लागलं की आम्ही घर विकून पुण्याला परत. साताऱ्यात आई - श्यामच्या - एकट्या आहेत. मावशीला भारतात न्यायला परवानगी मिळणार नाही, पण तोवर मावशीच नसेल.

मीही "हो, बसतंय" म्हणाले. आता लिहिताना कसंतरी वाटतंय. एखाद्या जिवाचं मरण सोयीचं पडतंय म्हणून त्याला घरी आणायचं?

१५ जून

खाल्लं नाही.

१७ जून, मंगळवार

खाल्लं नाही. उकडलेलं अंडं, भोपळा, कुत्र्याचं डबाबंद खाणं - सगळ्याकडे पाठ. दगडाखाली डोकं खुपसून बसते. नवा दिवा लावलाय, उबेचा एक आणि उन्हासारखा एक. बाहेर गवतावर पांढरं दव गोठलंय आणि आमच्या बैठकीतल्या काचेच्या पेटीत अलिबाग!

श्याम ऑफिसला जाताना पेटीत वाकून: "काय मावशी, बरंय ना? काका कधी यायचेत?"

जुई म्हणते, "मम्मा, गिव्ह हर स्पेस. यू आर हॉवरिंग." खरंच. दर थोड्या वेळाने मी पेटीशी. तिला माझी भीती वाटत असेल का? तिच्या आयुष्यात आलेलं माणूस म्हणजे डब्यात टाकून जाणारं. मी तिला कशावरून वेगळी वाटावी?

२२ जून, रविवार

खाल्लं!!

गोगलगाय! बागेत सिल्व्हरबीटच्या, म्हणजे इथल्या पालकासारख्या भाजीच्या, पानाखाली सापडली. आम्ही कधीच विषारी गोळ्या टाकलेल्या नाहीत, शेजारच्या ग्रॅहमनाही कुंपणावरून विचारून घेतलं. ("नाह, नेव्हर. हेल्प युअरसेल्फ, वुई'व्ह गॉट हीप्स!") पेटीत ठेवली. मावशीने डोकं बाहेर काढलं. निळी जीभ एकदा. परत एकदा. आणि मग - कर्रकन! शंखासकट. सुपारी फोडल्यासारखा आवाज. मी एवढ्याने ओरडले की जुई आंघोळ अर्धवट टाकून आली.

श्याम शुद्ध शाकाहारी घरातला. बघत राहिला. म्हणाला, "मावशी बाटल्या." मग स्वतःच टॉर्च घेऊन बागेत गेला आणि आणखी दोन घेऊन आला.

५ जुलै, शनिवार

आता अंडं खाते, भोपळा खाते, डँडेलियनची पिवळी फुलं तर लाडूसारखी. वजन वाढतंय. आज पहिल्यांदा माझ्या तळहातावर हनुवटी टेकून डोळे मिटले. मी खुर्चीवर अशी बसले की पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

आईंना व्हिडिओवर दाखवली. मला वाटलं होतं, घाबरतील. त्या म्हणाल्या, "अगोबाई, ही तर सुरळी! आमच्या परसात ढिगानं. हिला कसली गं काच नि दिवा? मलासुद्धा नाही एवढी बडदास्त." आणि हसल्या. मीही हसले. पण बोलून झाल्यावर ते वाक्य राहिलंच. एवढी बडदास्त.

१२ जुलै

मावशीची भूक वाढलीय. मरायला टेकलेलं जनावर असं खातं का?

२८ जुलै, सोमवार

उद्या नागपंचमी. आई दोनदा बजावून सांगतात: चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी इंजिनिअर. पूर येईल का याची गणितं करते. आणि तरी दरवर्षी नागपंचमीला सुरी धरत नाही. मानते का? नाही. मोडते का? तेही नाही.

मग लक्षात आलं - मावशीची भाजी! रोज चिरूनच तर घालते. तेव्हा आज बसून उद्याचा भोपळा आणि घेवडा चिरून ठेवला. सापाच्या मावशीसाठी सापाच्या सणाचा नियम! श्याम फ्रिजमधला डबा बघून म्हणाला, "गोगलगाय चालते का उद्या? मावशी तर ती चावून खाते, चिरत नाही." मी म्हटलं, "धर्मशास्त्रात बघून सांगते."

२९ जुलै, मंगळवार

अरे देवा.

पाटावर गंधाने नाग काढला होता, त्याची पूजा करायची, मावशीला लांबून नमस्कार, असं ठरलेलं. अनुया आली - इथली माझी मैत्रीण, मूळची नाशिकची. आई व्हिडिओवर. मी दिंडं वाफेवरून उतरवायला स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात आईंचा आवाज: "अगं, चित्राला काय लावतेस, जितीजागती समोर असताना! लाव तिच्या कपाळाला!" अनुया बिचारी. परक्याच्या सासूलाही 'नाही' म्हणता येत नाही तिला. बाहेर येते तो मावशीच्या डोक्यावर हळद, त्यावर कुंकू, समोर वाटीत दूध, पाठीवर लाह्या! आणि मावशी शांत. निळी जीभ काढून एक लाही चाखून बघितली.

आई तिकडून हात जोडून बसलेल्या. डोळे भरून आलेले. "किती वर्षांनी गं, जितीजागती पूजा," म्हणाल्या. आता त्यांना काय बोलणार?

मी दूध उचललं (सरपटणाऱ्यांना दूध पचत नाही, हे मी शाळाशाळांत जाऊन सांगितलंय!), पण कुंकू निघेना. ओल्या बोटाने लावलेलं, सुरकुत्यांत बसलेलं. डोळ्यात गेलं तर? कुंकवात हल्ली काय घालतात देव जाणे! व्हेटला फोन. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. "सॉरी, यू पुट व्हॉट ऑन हर हेड?" मग म्हणाली, कोमट पाणी, थोडा वेळ बसवून ठेवा, घासू नका.

अनुया रडवेली. म्हटलं, वेडी आहेस का, बस, दिंड खा.

टबमध्ये हनुवटीपर्यंत पाणी. मावशीने डोळे मिटले. कुंकू सुटलं, पाणी गुलाबी झालं. आणि मग डोक्यावरचा एक पापुद्रा उचलला गेला. मला वाटलं कातडी सोलली! पण त्याच्याखाली अजून एक पापुद्रा. त्याच्याखाली अजून. कांद्यासारखे. जुन्या काती! कोरड्या डब्यात कधी टाकताच आल्या नव्हत्या, एकावर एक बसून राहिलेल्या. पाठ, पोट, मग एकेका बोटावरून अंगठीसारखी कडी सुटली. राखाडी सगळं पाण्यात तरंगायला लागलं आणि खालून...

तपकिरी नाही, तांबं! तांब्यावर काळे कुळकुळीत पट्टे, एकही सुरकुती नाही. जुई दारात. "मम्मा. शी'ज ब्रँड न्यू."

मी आणि अनुया टबाशी बसून हसत होतो की रडत होतो, कुणास ठाऊक. आई अजून फोनवर आहेत हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. त्या ओरडत होत्या, "काय झालं? अगं मला दाखवा की!"

३१ जुलै

सकाळपासून पाचजणांना फोटो पाठवले. मीटिंगमध्ये पुराच्या नकाशावर बोलताना मध्येच हसले. बॉस म्हणाला, "गुड न्यूज?" म्हटलं, "व्हेरी."

६ ऑगस्ट, बुधवार

व्हेटकडे. "मौशी?" असं त्या बाईंनी पुकारलं आणि सगळ्या कुत्र्यांनी वळून पाहिलं.

त्यांनी तपासलं, दात बघितले, एक्स-रे काढला. आणि म्हणाल्या, हाडांची वाढ अजून संपलेली नाही. दोन वर्षांची असेल, फार तर तीन. उपासमार झाली, ऊन मिळालं नाही, म्हणून तशी दिसत होती. आता काही काळजी नाही, यू'व्ह डन ब्रिलियंटली. असंच सांभाळलंत तर वीस वर्षं जगेल. कदाचित जास्तच.

मी एवढ्या जोरात "यस!" म्हटलं की बाई दचकल्या.

परत येताना सिग्नलला थांबले. वीस वर्षं. तेव्हा मी सहासष्ट.

सिग्नल हिरवा झालेला कळला नाही.

७ ऑगस्ट

श्यामला सांगितलं. "अरे वा!" म्हणाला. मनापासून. मग चहा घेता घेता, "मग आता हिला कुणाला द्यायची?"

साधा प्रश्न. बरोबर प्रश्न. मी कप विसळायला घेतला.

ती म्हातारी नाही हे कळल्यावर क्षणभर - अगदी क्षणभर - मला धाकधूक वाटली का? वाटली. मी नीट तपासून पाहिलं. पण ती धाकधूक मावशीबद्दल नव्हती. कशाबद्दल होती ते आज लिहीत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

हेदरने फोन केला. मावशीला घ्यायला तयार असलेलं नेल्सनचं एक कुटुंब आहे. दोन मुली, आई प्राणिशास्त्र शिकवते, घरात एक खोलीच सरपटणाऱ्यांसाठी. आधीचा त्यांचा सरडा म्हातारा होऊन गेला. पुढच्या शनिवारी न्यायला येतील.

मी प्रश्नांची सरबत्ती केली. दिवे कुठले? थंडीत वीज गेली तर? मुली दमल्या, कंटाळल्या तर? बागेत कीटकनाशक? हेदर हसायला लागली. "मृदुला, दे'आर लव्हली." काही खोट निघेना. मला खोट हवी होती. इतकी हवी होती की माझीच मला लाज वाटली.

मी "नाही" म्हणाले. आमच्याकडेच राहील. हेदर म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथलं 'छानच की', जसं काही मी दूध आणायला डेअरीत जाऊन येते म्हणाले.

श्याम तिथेच बसला होता, लॅपटॉपवर.

"मग आपण जाणार कसे?"

"मला जायचं नाहीये, श्याम."

"एका सुरळीसाठी?"

"नाही." आणि हे खरं आहे. सुरळी नसती तरी. ती नसती तर मी अजून दहा वर्षं "जाऊ, जाऊ" म्हणत राहिले असते, एवढंच.

"सतरा वर्षं तूच म्हणत होतीस. दर दिवाळीला."

"हो."

"खोटं?"

"नाही रे. म्हणताना दर वेळी खरं वाटायचं."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. लॅपटॉप मिटला. "आई एकटी आहे, मृदू. तिला मी काय सांगू? मावशीला सोडवत नाही म्हणून?"

मी म्हटलं, त्यांना इकडे आणू. तो म्हणाला, "तिचं परस, तिची तुळस, तिची भिशी. तुला इथून उपटायचं नाही, तिला तिथून उपटायचं?"

तो उठला आणि मावशीच्या पेटीचा दिवा बंद केला, नेहमीसारखा, हळूच, ती दचकू नये म्हणून.

१७ ऑगस्ट, रविवार

जुईला सांगितलं. तिने मला मिठी मारली. मग विचारलं, "अँड बाबा?"

२० ऑगस्ट

मावशीने आज हातातून केळं खाल्लं. लाडात येऊन माझ्या मनगटावर चढली, कोपरापर्यंत आली, तिथे थांबली. तिच्या पोटाची ऊब. इतका आनंद झाला! आणि शेजारच्या खोलीत श्याम आईंशी बोलत होता, हळू आवाजात, दार लोटून. दोन्ही एकाच वेळी. आनंद होता कामा नये का? पण होतो. काय करू?

२४ ऑगस्ट, रविवार

श्यामने तिकीट काढलं. डिसेंबरचं. एक.

परतीचं आहे का, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.